जुनं भांडं घरी आणलं की त्याचं आधीचं घर कसं शोधायचं

सगळ्यात आधी एक सांगते, आणल्या आणल्या घासू नका. बाजारातून नाहीतर भंगारवाल्याकडून पितळेचा गुंड (पाणी भरायचं मोठं भांडं), गंगाळ, गडवा (तांब्या) काहीही आणलं की आपला हात सरळ चिंचेकडे जातो, काळं भांडं घरात पाहवत नाही, मलाही नाही पाहवत. पण दोन दिवस थांबा. आधीच्या घरी त्या भांड्यानं काय काय केलं ते त्या काळ्या थरात असतं अन् एकदा घासलं की गेलं. माझ्या पहिल्या गंगाळाचं मी असंच केलं, चिंच-मीठ-राख घेऊन दुपारभर बसले, संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अवं, याच्या बुडाले चुलीचा काळा पट्टा होता ना, तो कुठी गेला?" तेव्हा समजलं मी काय पुसून टाकलं ते.

मी विदर्भात वणीकडच्या एका खेड्यात राहते, बऱ्याच वर्षांपासून जुनं घरसामान घेते, विकायला नाही, वापरायला. अन् घरात आणलं की मला चैन पडत नाही, हे कोणाच्या घरचं असेल, कोणी कोणाला दिलं असेल, विकताना कोणाच्या डोळ्यात पाणी आलं असेल का. नुसता विचार करत बसण्यापेक्षा थोडं पाहायला शिकलं तर भांडं खरंच बरंच सांगतं, म्हणून हे लिहून राहिले.

घेतानाच विचारा

आपल्याकडे जुनं पितळ-तांबं जास्त करून भांड्याच्या दुकानात मिळतं, मोड म्हणून. लोक नवीन स्टीलचं घ्यायला येतात, जुनं वजनावर देतात, दुकानदार ते पोत्यात टाकून ठेवतो अन् मग ते गाळायला जातं. लग्नसराईत मोड जास्त येते. दुकानदाराला आधीच सांगून ठेवायचं की भाऊ, पोतं जायच्या आधी मला एकदा पाहू द्या, अन् मोडीच्या भावापेक्षा किलोमागं थोडे जास्त द्यायचे, त्याचंही भलं होतं. भंगारवाले अन् आठवडी बाजारात सतरंजीवर सामान मांडून बसणारे यांच्याकडे पेट्या, कंदील, मशिनी, लाकडी सामान येतं.

विचारायची पण एक पद्धत आहे. "कोणाचं आहे, कुठून आणलं" असं पोलिसासारखं विचारलं की माणूस तोंड बंद करतो. "कोन्या गावाकडून आलं जी हे?" एवढंच म्हणायचं अन् भांडं हातात घेऊन पाहत राहायचं. तो गाव सांगतोच, बरेचदा घरही सांगतो, "वाडा पाडला त्यायनं, पोरं पुन्याले असते". हे लगेच मोबाईलमध्ये लिहून ठेवा, घरी जाईपर्यंत विसरायला होतं. गाव समजलं की अर्धं काम झालं कारण भांडं गाळायला गेलं नाही तर फार लांब जातच नाही, दोन-तीन तालुक्यांतच फिरतं.

अन् एक गोष्ट मनात पक्की ठेवा, आपल्याला जे स्वस्तात मिळालं ते कोणीतरी कोणत्या तरी अडचणीत सोडलेलं असू शकतं. नापिकीचं वर्ष, दवाखाना, पोरीचं लग्न, नाहीतर धरणात गाव गेलं. भंडाऱ्याकडे गोसीखुर्दच्या धरणासाठी (पायाभरणी १९८८ ची) कितीतरी गावं उठली, अन् घर उठतं तेव्हा सगळंच काही नवीन प्लॉटवर नेता येत नाही. म्हणून विक्रेत्यासमोर "कसलं फालतू भावात मिळालं" असं मोठ्यानं बोलू नये, कधीकधी ज्याचं आहे तोच बाजूला उभा असतो.

नाव वाचणं

हा सगळ्यात मोठा भाग आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव टाकल्याशिवाय भांडं आपलं होतच नाही. ते नाव काठाखाली, गळ्यावर, कधी बुडाला असतं अन् घासून घासून पुसट झालेलं असतं. संध्याकाळी अंधार पडला की मोबाईलचा टॉर्च भांड्याला जवळपास चिकटवून आडवा धरा, समोरून नाही, बाजूनं, पुसट अक्षरांची सावली पडते अन् दिवसा न दिसणारं दिसायला लागतं. तरी नाही दिसलं तर बारीक रांगोळी नाहीतर पावडर बोटानं चोळून वरची पुसून घ्या, खाचेत पांढरं राहतं. सपाट जागेवर असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तरी अक्षर उठतं. फोटो काढा अन् मगच घासायचं ते घासा.

आता वाचायचं काय. जुनी अक्षरं छिन्नीच्या ठोक्याठोक्यानं हातानं कोरलेली, खोल, बोटाला लागतात. मशिनची अक्षरं वरवरची अन् घाईची असतात. "चि. सौ. कां." असेल तर नवरीला लग्नात आलेलं, "सप्रेम भेट" च्या पुढं मामा, आत्या, मित्र मंडळ कोण आहे ते पहा. "कै." अन् "स्मरणार्थ" असेल तर कोणाच्या नावानं देवळाला नाहीतर नातेवाईकांना दिलेलं. बाईचं नाव असेल तर घाई करू नका, कारण बऱ्याच घरी लग्नात मुलीचं नाव बदलायचे, भांड्यावर माहेरचं नाव राहिलं अन् सासरी तिला त्या नावानं ओळखणारं कोणीच नसायचं. मी एका गावात असं नाव घेऊन विचारत फिरले तर सगळे म्हणे अशी बाई इथं नव्हतीच, अन् ती तिथंच चाळीस वर्षं राहून गेली होती.

तारीख नसली तरी पत्त्यावरून काळ सापडतो, हे मला फार आवडतं. विदर्भात जिल्ह्यांची अन् राज्यांची नावं इतकी बदलली की पत्ता म्हणजे कॅलेंडरच. भांड्यावर "जि. चांदा" असेल तर ते बहुतेक १९६४ च्या आधीचं, त्यानंतर चंद्रपूर झालं (म्हातारी माणसं तोंडानं आजही चांदाच म्हणतात, म्हणून "बहुतेक"). "सी. पी. अँड बेरार" (मध्य प्रांत अन् वऱ्हाड, इंग्रजांच्या वेळचा प्रांत) असेल तर १९५० च्या आधीचं. "म. प्र." पाहून गोंधळू नका, १९५० ते १९५६ आपण मध्य प्रदेशात होतो, नागपूर राजधानी होती, म्हणजे बुलढाण्याच्या पुढं म. प्र. लिहिलेलं भांडं त्या सहा वर्षांतलं. मग १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य अन् १ मे १९६० पासून महाराष्ट्र. "जि. गडचिरोली" असेल तर १९८२ च्या नंतरचं, "जि. वाशीम" १९९८ च्या नंतरचं, "जि. गोंदिया" १९९९ च्या नंतरचं, त्याआधी ते चंद्रपूर, अकोला अन् भंडारा होतं. आमच्या वणीच्या नावाचाही एक जिल्हा होता, १९०५ मध्ये त्याचं यवतमाळ झालं, त्या काळातलं काही हाती लागलं तर मला कळवा, मी अजून पाहिलं नाही.

डबे अन् लेबलं असतील तर आणखी सोपं. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं. किंमत २-८-० अशी तीन घरांत असेल तर ते रुपये-आणे-पै, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. "न. पै." असेल तर नये पैसे, १९५७ ते १९६४. डालड्याचे पिवळे डबे कितीतरी घरात धान्याला, मसाल्याला वापरले, डालडा १९३७ ला आला, पण डब्याचं वय अन् घरातल्या वापराचं वय वेगळं धरायचं, लोक डबा तीस-तीस वर्षं वापरतात. मापं-वजनं असतील तर शेर-पायली की किलो-लिटर पहा, १९६० च्या आसपास बदललं, अन् बऱ्याच घरी किलो आल्यावरही पायली सुटली नाही, ज्वारी मोजायला आजही काढतात.

आता माझ्या गुंडाचं सांगते. एका दुकानाच्या मोडीतून घेतला, जड, मठारलेला, हातोडीचे ठोके उजेडात धरले की माशाच्या खवल्यांसारखे दिसतात. गळ्यावर हातानं कोरलेलं बाईचं नाव, गाव अन् "जि. चांदा". त्याच्या खाली मशिननं दुसऱ्याच बाईचं नाव अन् १९८१. अन् बुडाला लाल ऑइलपेंटचा एक ठिपका, हा लग्नाच्या पंगतीला गावातली भांडी जमा करतात तेव्हा ओळख म्हणून लावतात तसा. म्हणजे किमान दोन बायांच्या हातातून गेलेला अन् गावाच्या लग्नाला पाणी भरलेला. एका बाजूला मोठा पोचा होता अन् गळ्यावर आतून बाहेरून ओरखडे. मी वहीत लिहिलं, "पोचा, लेकरानं पाडला असेल". हे लक्षात ठेवा, पुढं येतं.

वापराच्या खुणा

बुडाला बाहेरून जाड काळा थर म्हणजे चुलीवर बसलेलं, थर एकाच बाजूला जास्त असेल तर चुलीच्या तोंडाकडं नेहमी तीच बाजू असायची, कडी असलेल्या भांड्यांत हे हमखास दिसतं. आतून पांढरा खरखरीत थर म्हणजे क्षाराचं पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिकडचं भांडं असू शकतं, पण बोरच्या जड पाण्यानंही असा थर येतो, म्हणून एवढ्यावरून गाव ठरवू नका. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) गंजाला, म्हणजे पातेल्याला, बुडाशी दोन-तीन ठिकाणी रिव्हेट मारून ठिगळ लावलेलं असेल तर मला त्या घराबद्दल लगेच आदर वाटतो, फेकलं नाही त्यांनी.

उलथनं, सराटा, डाव हे सगळ्यात बोलके. वर्षानुवर्षं कढईला घासून त्याची कड तिरपी झिजते, अन् ती कोणत्या बाजूला झिजली त्यावरून उजवखोरी की डावखोरी बाई होती ते समजतं. आपल्या घरातलं उलथनं घ्या, नेहमीच्या हातात धरा अन् कोणती बाजू कढईला लागते ते पहा, मग जुनं त्याच्या बाजूला ठेवा. माझ्याकडे एक लोखंडी उलथनं आहे ते उलट्या बाजूला झिजलेलं आहे. मी ते हातात घेतलं की मला प्रत्येक वेळी वाटतं की तिला लहानपणी "उजव्या हातानं कर" म्हणून किती ऐकावं लागलं असेल.

पाटा-वरवंट्याला टाकीचे घाव किती ताजे ते पहा, टाकी लावणारे गावात यायचे ते बंद झाल्यावर पाटे गुळगुळीत होत गेले. पाट्याला मधे खोलगट झालं असेल तर दोन-तीन पिढ्या. पोळपाट दोन्ही बाजूंनी पहा, एका बाजूला सुरीचे वार असले तर तिकडून भाजी चिरली जायची.

पेट्या अन् लाकूड

लोखंडी पेटी घेतली की आतला कागद ओढून काढू नका. तळाशी वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं, कधी चार थर एकावर एक. वाफेच्या भांड्यावर लांबून धरलं की हळूहळू सुटतं. त्यावरची तारीख सांगते की कागद त्या दिवसानंतर लावला, पेटी त्या दिवशीची आहे असं सांगत नाही, हा फरक लोक विसरतात. लोकमत नागपूरहून दैनिक म्हणून डिसेंबर १९७१ ला निघाला, म्हणजे नागपूरच्या लोकमतचं पान असेल तर तो थर त्यानंतरचाच. कोपऱ्यात हात घालून पहा, बांगडीचा तुकडा, हुंडी, कडुनिंबाची वाळलेली पानं (कपड्यात कसर लागू नये म्हणून), एखादी कापसाच्या चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशाची, पावती. कापूस एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा) १९७२ ला सुरू झाली, त्या पावत्या कितीतरी घरांनी जपून ठेवल्या कारण चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा. मोडी लिपीतले कागद निघाले तर कृपा करून टाकू नका, शेताचा व्यवहार असू शकतो, मोडी वाचणारे अजून आहेत, जवळच्या कॉलेजच्या इतिहासाच्या सरांना विचारा.

लाकडात सागवान हातात घेतलं की वजनावरून अन् वासावरून कळतं, आपल्याकडे आलापल्ली-बल्लारशाकडचं सागवान वाड्यांत वापरलेलं असतं. न दिसणारी बाजू पहा, म्हणजे ड्रॉवरच्या खालची, आलमारीच्या मागची. हातकरवतीच्या रेषा वाकड्यातिकड्या अन् कमी-जास्त अंतरावर, गोल आरा मशिनच्या कमानीसारख्या, पट्टा मशिनच्या सरळ एकसारख्या. लोहारानं घडवलेला खिळा चौकोनी असतो, कारखान्याचा गोल. अन् भोकं पहा, ज्या लाकडाला आता काही उपयोग नसलेली भोकं आहेत ते आधी दुसरंच काही होतं. आमच्या शेजाऱ्यांच्या दिवाणाचे पाय म्हणजे एका वाड्याच्या बंगईचे (झोपाळ्याचे) खांब आहेत, कड्यांची भोकं तशीच आहेत.

मशीन, रेडिओ, कंदील याबद्दल थोडक्यात. सिंगरच्या मशीनवर सिरियल नंबर असतो, तो नेटवर टाकला की बनवल्याचं साल अन् कारखाना मिळतो, आपल्याकडच्या बऱ्याच मशिनी स्कॉटलंडच्या क्लाइडबँकच्या, तो कारखाना १९८० ला बंद झाला. पण मला नंबरापेक्षा पायटा आवडतो, त्यावरचा रंग कुठं उडाला ते पाहून पाय कसा ठेवला जायचा ते दिसतं, अन् लहान पायाचा वेगळा उडालेला ठिपका असेल तर आईच्या पायाजवळ बसून पायटा दाबणारं लेकरूही होतं असं वाटतं. कंदिलावर जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा ठसा असेल तर तो १९५१ च्या आधीचा, त्यानंतर मध्य रेल्वे झाली. जुना रेडिओ घरी आणून सरळ प्लगमध्ये लावू नका, आतली वायर अन् कपॅसिटर खराब झालेले असतात, आधी मेकॅनिकला दाखवा.

माहीत असलेलं अन् वाटलेलं वेगळं लिहा

वहीत दोन रकाने करा. एकात फक्त जे दिसतं ते, दुसऱ्यात जे वाटतं ते. "गळ्यावर ओरखडे" हे पहिल्यात, "लेकरानं पाडला" हे दुसऱ्यात. नाहीतर सहा महिन्यांनी आपलीच कल्पना आपल्याला खरी वाटायला लागते अन् आपण पाहुण्यांना सांगायला लागतो, अन् मग खऱ्या घरची गोष्ट त्याच्याखाली दबून जाते.

नाव-गाव मिळालं तर घर शोधा. त्या गावात ओळख काढा, कोतवाल, पोलीस पाटील, किराणावाला, अन् सगळ्यात चांगल्या म्हणजे सत्तरीच्या पुढच्या बाया, त्यांना कोणाचं माहेर कुठलं ते तोंडपाठ असतं. फोनवर पहिलं वाक्य "मला काही विकायचं नाही अन् पैसे नकोत" हेच, कारण लोकांना वाटतं फसवणूक आहे. नावाचा फोटो ग्रुपवर सगळ्यांना पाठवू नका, त्या घरानं भांडी विकली हे गावभर झालेलं त्यांना आवडेल असं नाही. आधी खासगीत एकाच माणसाला विचारा. अन् भांड्यावर पंच कमिटी, मंडळ, देवस्थान असं असेल तर ते गावाचं आहे, ते विकण्याचा हक्क एकट्याला नसतो, अशा वेळी ते परत नेऊन द्यायचं, गेलेल्या पैशाचं पाहू नये. मी एक कोपर (परातीसारखं मोठं भांडं) असंच दिलं.

गुंडाच्या दुसऱ्या नावावरून मला दोन महिने लागले. शेवटी एका आजीबाईंनी त्या घरच्या सुनेचा नंबर दिला, अन् तिनं आपल्या सासूला फोन दिला. मी म्हटलं, तुमचा गुंड माझ्याकडे आहे, हवा असेल तर आणून देते. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "माह्या सासूचा व्हय तो. तिच्या बापानं देल्ला. मंग माह्या लग्नात तिनं माह्यं नाव टाकून मले देल्ला. एका बाजूनं दबला हाय का?" मी म्हटलं हो. "तो विहिरीत पडला होता. दोर तुटला. दोन दिवस गळ टाकू टाकू काढला त्यायनं, सारं गाव विहिरीवर." म्हणजे ओरखडे गळाच्या आकड्यांचे अन् पोचा विहिरीच्या दगडाचा. माझा दुसरा रकाना पूर्ण चुकला होता.

परत देते म्हटलं तर नको म्हणाल्या, आता नळ आहे, उचलवतही नाही, तुम्हीच पाणी भरा, फक्त फोटो पाठवा, दबलेली बाजू दिसली पाहिजे. विकला का ते मी विचारलं नाही अन् त्यांनी सांगितलं नाही, तुम्हीही विचारू नका.

वापरणार असाल तर एवढं पहा, पितळ-तांब्यात आंबट शिजवायचं असेल तर आतून कल्हई हवीच, कल्हईवाला मिळाला की शुद्ध कथलाची करा म्हणून सांगा, हिरवं दिसलं तर आधी पूर्ण काढा. नुसतं पाणी भरायला गुंडाला कल्हई लागत नाही. जुन्या रंगवलेल्या डब्यात खायचं काही ठेवू नका, रंगात शिसं असू शकतं.

अन् आपलं नाव टाकायचं असेल तर जुनं खरवडू नका, दुकानदार विचारतात "जुनं घासून देऊ का", नाही म्हणा, खाली जागा असते. मी गुंड घेऊन दुकानात गेले तेव्हा मशीन हातात धरून पोरानं विचारलं, काकू, सप्रेम भेट कोणाकडून टाकू? मी त्याला दोन्ही नावं वाचून दाखवली अन् त्याखाली फक्त गावाचं नाव अन् साल टाकायला सांगितलं, अन् दबलेल्या बाजूजवळ बारीक अक्षरात "विहिरीतून काढला".